इब्रामपूरचं उत्तर

सबाजी, तुझ्या बाराव्याचं जेवण उत्तम झालं. खतखतं असं जमलं होतं की तुझ्या शाळेचे जुने हेडमास्तर पुन्हा पुन्हा मागून जेवले आणि हात धुऊन आल्यावर तुझ्याविषयी चार शब्द बोलायला उभे राहिले. शिस्तीचा माणूस, निःस्वार्थी माणूस, जिभेवर कधी खोटं न आलेला माणूस. ह्याच गृहस्थांनी तुझ्या रविवारच्या वर्गाला खोली द्यायला किती टोलवाटोलवी केली होती ते तुला आणि मला ठाऊक आहे. आता फोटोत बसवून हार घातल्यावर तू त्यांना एकदम परवडायला लागलास. मंगलवहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलला. फक्त एक बाई काही न बोलता जेवून उठली. तिच्याविषयी सांगायला म्हणून हे लिहायला बसलोय. तुला उद्देशून लिहितोय, पण तुला बरं वाटावं म्हणून नाही.

आपली ओळख म्हापशाला दहावीचे पेपर तपासताना झाली. तू डिचोलीचा, मी पेडण्यातल्या कोरगावचा, दोघेही गणिताचे मास्तर. तू माझ्या शेजारी बसून एकेक पेपर आपटत होतास. गठ्ठ्यातल्या सगळ्या पोरांनी एकच गणित एकाच पद्धतीने सोडवून एकाच पायरीवर चुकवलं होतं. "हीं भुरगीं गणीत करिनात रे वसंता, आरती म्हणटात," तू म्हणालास. आणि ही आरती त्यांना आपणच पाठ करून दिली आहे, हेही वर ऐकवलंस. मला राग आला. तोवर मी स्वतःला चांगला मास्तर समजत होतो. संध्याकाळी बसस्टँडवर तू मला एक साधं कोडं घातलंस आणि त्याच्या नादात माझी बस निघून गेली. त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं गणित शिकवत होतो, केलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच. हे मला तुझ्यामुळे मिळालं, आणि ते मी कधीच नाकारणार नाही.

त्यातून आपला रविवारचा वर्ग निघाला. तुझ्या शाळेतली मागची खोली, डुगडुगणारे बाक, जनेलातून दिसणारा फणस. पाठ्यपुस्तक आणायची बंदी, मार्क नाहीत, परीक्षा नाही. फळ्यावर एक कोडं लिहायचं आणि पोरांनी त्याच्याशी झोंबायचं. मध्ये चहा, आणि तू येताना पाववाल्या पोदेराकडून आणलेले गरम उंडे. डिचोलीची मुलं यायची आणि बसने मी माझ्याबरोबर कोरगावची घेऊन यायचो. खाणीवरच्या कामगारांची पोरं, जमीनदार भाटकारांची पोरं, सगळी एकाच बाकावर दाटीवाटीने बसायची. कोणी तुला सर म्हटलं की तू चिडायचास. मास्तर म्हणा म्हणायचास.

थोड्याच दिवसांत तुझ्या लक्षात आलं की एखादं चलाख पोर उत्तर ओरडून मोकळं होतं आणि बाकीची विचार करायचं सोडून देतात. मग तू नियम केलास. ज्याला उत्तर आधी सुचेल त्याने ते तुझ्या कानात सांगायचं. बरोबर असलं की तू म्हणणार, "उठ, भायर वच." त्याने मुकाट्याने बाहेर जाऊन फणसाखाली बसायचं, वर्ग संपेपर्यंत आत डोकावायचंही नाही. आत बाकीच्यांची खाडाखोड, भांडणं, चुका चालू राहायच्या. नियमात अक्कल होती, कबूल. बाहेर जायला मिळणं हा पोरांना मान वाटायचा. फणसाखाली बसलेलं पोर गावजेवणातल्या यजमानासारखं रुबाबात असायचं.

मग चंद्रावती आली. बाप भिकाजी सावंतवाडीकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. ही आठवीत, अंगाने काडी, आवाज एवढासा. त्या रविवारी फळ्यावर ट्रकचंच कोडं होतं. भरलेला ट्रक खाणीवरून धक्क्यावर तासाला तीस किलोमीटरने जातो, रिकामा झाला की त्याच रस्त्याने साठने परत येतो, तर सगळ्या फेरीचा सरासरी वेग किती. जो तो पंचेचाळीसवर अडून बसला होता. चंद्रा उठली, तुझ्या कानाशी लागली आणि चाळीस म्हणाली. कसं, म्हणून तू विचारलंस. भरलेल्या गाडीत बाबा जास्त वेळ असतो, ती म्हणाली. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. तरी नियम तो नियम. तिला तू फणसाखाली पाठवलंस. त्यानंतर रविवारामागून रविवार ती तिथेच बसलेली असायची. उत्तर द्यायला यायची, बाहेर जायची. आत काय चाललंय ते तिला कधी कळलंच नाही.

त्याच दिवसांत गोव्यात राजभाषा कोंकणी की मराठी ह्यावरून पेटलं. तू कोंकणीचा, मी मराठीचा, आणि दोघेही हट्टाला पेटलेले. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बस अर्ध्यावरून परत फिरायची. एका घरात जेवणारे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आपण बसमध्ये असे भांडलो होतो की कंडक्टरने दोघांनाही उतरायला सांगितलं, आणि उतरून आपण रस्त्याच्या कडेला उरलेलं भांडण पुरं केलं. पण रविवारचा वर्ग मोडला नाही. फळ्यावर कोणत्या भाषेत लिहायचं असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, कोणत्याच नाही. मग कितीतरी दिवस आपण नुसते आकडे आणि चित्रं काढून कोडी घातली. कोंकणी राजभाषा करणारा कायदा झाला, पुढे गोवा घटक राज्य झालं, तेव्हा तू माझ्या तोंडात अख्खा उंडा कोंबलास आणि म्हणालास, आतां तरी ओगी राव. मी चावता चावता तुला शिव्या घातल्या आणि पोरं लोळून हसली. ज्याने सगळा गोवा दुभंगला त्याने आपलं काही बिघडलं नाही. आपलं बिघडलं ते एका मुलीपायी.

दहावीच्या वर्षी चंद्रा गप्प झाली. कोडं सुटेपर्यंत आत बसून राहायची, विचारलं तर सगळ्यांबरोबर चुकीचं उत्तर सांगायची. तू म्हणालास, मुलींचं ह्या वयात असंच होतं, बुद्धी मंदावते. मला पटेना. उंडे वाटताना मी तिला बाजूला घेऊन विचारलं. आधी ती नुसती हसली. मग म्हणाली, "सर, भायेर बसान काय करू? उत्तर माका गावता. पण बाकीचे कशे चुकतत तां ऐकूक गावना नाय."

मला तिचा हेवा वाटला, सबाजी. आपण दोघांनी डोकेफोड करून जे पोरांना शिकवायला घेतलं होतं ते हिला न शिकवता कळलं होतं. उत्तरात काही नसतं, माणूस कुठे आणि का चुकतो ते कळण्यात सगळी मजा असते. आणि ती मजा हिला मिळू नये अशी व्यवस्था नेमकी आपल्याच वर्गात होती.

मी तुला त्याच दिवशी सांगितलं. तू फळा पुसत होतास, पुसतच राहिलास. "जें सांगलें ना, तें कळूंक ना," म्हणालास. तिला येत असतं तर तिने सांगितलं असतं, आणि येत असून लपवत असेल तर ते खोटं बोलणं झालं, गणितात खोट्याला जागा नाही. तुझ्या नियमामुळे मूल खोटं बोलायला लागलं असेल तर चूक नियमाची आहे, असं मी म्हणालो. तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी तुझ्या देवघरात चपला घालून शिरलो होतो. दुसऱ्याच्या गणितातली चूक तुला लांबून वास घेऊन कळायची. स्वतःची नाकासमोर होती, ती दिसली नाही.

मे महिन्यात पणजीला शिबिर असायचं, बाहेरून प्राध्यापक यायचे. आपल्या वर्गातून दरवर्षी एकच मूल पाठवायचं असं ठरलेलं. त्या वर्षी तू डिचोलीचा एक मुलगा निवडलास, जो सर्वांत जास्त वेळा फणसाखाली बसला होता. बरा होता मुलगा. चंद्राच्या पासंगालाही पुरला नसता, पण बरा होता.

पुढच्या रविवारी भिकाजी स्वतः आला. ट्रक रस्त्याला लावून थेट वर्गाच्या दारात, भुवयांवर खाणीची लाल धूळ. मागे चंद्रा उभी. त्याने सांगितलं की मुलीच्या आत्येने इब्रामपूरचं स्थळ आणलंय, घर चांगलं आहे, बागायत आहे, त्यांना घाई आहे. मुलीत काही वेगळं असेल तर तो नाही म्हणायला तयार होता. म्हापशाला अकरावीत घालीन म्हणत होता. एक ट्रक ड्रायव्हर त्या काळात असं म्हणत होता. "मास्तरांनू, माका गणितातला कळणा नाय," तो म्हणाला. "चेडवाक फुडे शिकवू काय नको, येवढांच सांगा."

तू म्हणालास, "चेडूं हुशार आसा. पूण पयल्या पंगतीचें न्हय."

मी मध्ये पडलो. ह्या वर्गात आजवर आलेल्या सगळ्या मुलांत ही पहिली, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. भिकाजीने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मी गोड बोलणारा, कोणालाही शाबासकी देणारा. तू कधी कोणाचं कौतुक न करणारा, आणि हे सगळ्या डिचोलीला माहीत. त्याने कोणाचं ऐकावं? मी तुला म्हणालो, आत्ता हिला कुठलंही कोडं घाल, बापासमोर घाल, होऊन जाऊ दे. तू हाताची घडी घातलीस.

"हांगा परिक्षा जायना, वसंता," म्हणालास.

आपल्या वर्गात परीक्षा घ्यायची नाही हे तत्त्व होतं ना तुझं. एका मुलीचं आयुष्य दारात उभं होतं आणि तू तत्त्वाला जपलंस. भिकाजीने तुला हात जोडले, खरं सांगितल्याबद्दल तुझे आभार मानले आणि मुलीला घेऊन गेला. चंद्रा जाता जाता फळ्यावरचं अर्धं राहिलेलं कोडं बघत होती.

लग्नाला तू गेलास आणि जेवून आलास. मी गेलो नाही, आणि तुझ्या वर्गातही पुन्हा पाऊल टाकलं नाही. कोरगावला माझ्या शाळेत मी वेगळा वर्ग सुरू केला. तिथे ज्याला उत्तर आधी येईल त्याने आत बसून बाकीच्यांचं ऐकायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही, एवढाच नियम. तो नियम मला चंद्राकडून मिळाला. बाकी सगळं तुझं. कोडी तुझी, फळ्याशी उभं राहायची ढब तुझी, पोरगं चुकलं की गप्प बसून त्याला स्वतःला सापडू देण्याचा धीरही तुझाच. मी निवृत्त झालो तेव्हा मुलांनी माझं जे जे म्हणून कौतुक केलं ते ऐकताना मी मनातल्या मनात तुझ्या खात्यावर टाकत होतो. तुझ्यावर इतका राग असताना असा मी तुझ्याच हाताने शिकवत राहिलो, ह्याचा मला किती त्रास झाला असेल त्याची तुला कल्पना नाही.

पुढे कुठे लग्नकार्यात भेटलो की तू म्हणायचास, काय रे मराठी, आणि मी म्हणायचो, काय रे राजभाषा. तेवढ्यावर निभावायचं. चंद्राचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आणि मग एके दिवशी दुपारी तू माझ्या कोरगावच्या अंगणात उभा. म्हातारा झालेला, घामाने निथळत, पण डोळ्यांत तीच जुनी लकाकी. पाणी प्यायच्या आधीच म्हणालास, मी इब्रामपूरहून येतोय. मला वाटलं, क्षमा मागून आला असशील. एवढ्या वर्षांनी का होईना, असं मनात आलं आणि मला तुझी माया आली. पण तू क्षमा मागायला गेलाच नव्हतास. तू परीक्षा घ्यायला गेला होतास. ज्या माणसाने तेव्हा बापासमोर एक कोडं घातलं नाही तो मुलीला सुना आल्यावर कोडं घालायला गेला.

तू मला रंगवून सांगितलंस. ती अंगणात कोकमासाठी रातांबे फोडून सुकत घालत होती, म्हणून तू रातांब्यांचंच कोडं घातलंस. शंभर किलो ओले रातांबे, त्यात शंभरातले नव्वद भाग पाणी. उन्हात ठेवले, पाणी कमी होऊन शंभरातले ऐंशी भाग राहिलं. आता रातांब्यांचं वजन किती? तिने हातातलं काम न थांबवता नव्वद म्हणून सांगितलं. न विचार करणारा प्रत्येक माणूस देतो तेच उत्तर. "पळय," तू मला म्हणालास, बघितलंस ना अशा थाटात, आणि माझ्या ओट्यावर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्यायलास.

मी तुला काय बोललो ते आठवतंय मला. तलवार गंजवून ठेवायची आणि मग ती कापत नाही म्हणून टाळ्या पिटायच्या, असं काहीतरी बोललो. तू ऐकून घेतलंस. तुला ते लागलंही नाही, कारण तुला हवं ते मिळालं होतं. पण मला एक सांग. ज्याला आपण बरोबर होतो ह्याची खात्री असते तो ह्या वयात उन्हातान्हात बस बदलत इब्रामपूरला कशाला जाईल? तुला खात्री नव्हती, सबाजी. ती सगळी वर्षं नव्हती. तू आतून पोखरला गेला होतास आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस. कळू दिलं असतंस तर मी तुझ्याबरोबर इब्रामपूरला आलो असतो. दोघांनी मिळून तिच्या दारात बसलो असतो.

इस्पितळात शेवटचा भेटलो तेव्हा तुझं निम्मं बोलणं कळत नव्हतं. वहिनी औषध आणायला गेल्या आणि तू माझं मनगट धरलंस. "तिणें नव्वद म्हणलें, न्ही रे?" म्हणालास. ते सांगणं नव्हतं, विचारणं होतं. मी हो म्हणावं अशी तुझी इच्छा होती की नाही म्हणावं अशी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली आणि वहिनी आल्यावर उठलो.

बाराव्याला चंद्रावती आली होती. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. केस पांढरे, हातावर रातांब्यांचे न निघणारे डाग, आवाज मात्र तेवढासाच. तिला पेडण्याची बस धरायची होती, मलाही तीच. स्टँडपर्यंत बरोबर चाललो. वाटेत मी तिला विचारलंच. मास्तर आले होते तेव्हा ते कोडं तुला खरंच आलं नाही का?

"पन्नास," ती म्हणाली.

मी थांबलो. ती थांबली नाही, मला तिच्यामागून जावं लागलं. सुका भाग दहाच किलो, तो कुठे जातो, असं ती सहज म्हणाली. दहा म्हणजे शंभरातले वीस झाले, तर सगळे पन्नास. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच तिला आलं होतं.

मग नव्वद का सांगितलंस, मी विचारलं. मला वाटलं होतं की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून, असं काहीतरी ती म्हणेल. खरं सांगतो, तसं ऐकायची माझी तयारी झाली होती.

"पन्नास सांगलंय असतंय तर म्हातारो थंयच रडाक लागलो असतो," ती म्हणाली. "मगे तेका पाणी देवा, च्या करा, माझां बरां चललां मास्तर म्हणान समजूत काढा. माका येळ नाय हुतो. रातांबे उन्हात पडलेले."

बस लागली होती. चढता चढता ती मागे वळून म्हणाली की तुम्ही दोघे सर इतकी वर्षं माझ्यावरून भांडलात म्हणे, मला तर कोणी कधी विचारलं नाही. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली आणि इब्रामपूरचा फाटा येईपर्यंत शेजारणीशी मिरच्यांच्या भावाबद्दल बोलत राहिली.

वर्तमानपत्रात तुझ्या आत्म्याला शांती मागणाऱ्या किती जाहिराती आल्यात म्हणून सांगू. तुझ्या विद्यार्थ्यांनी दिल्यात, शाळेने दिलीय, तुला खोली द्यायला टोलवाटोलवी करणाऱ्या हेडमास्तरांनीही दिलीय. मलाही चार ओळी मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत. तू ते नव्वद उराशी धरून मेलास आणि ते मला सहन होत नाही. तू माझा सर्वांत जवळचा मित्र होतास. तुझ्यासारखा मास्तर मी पाहिला नाही, तुझ्यावाचून मी कोणी झालो नसतो. म्हणूनच तुला हे कळलं पाहिजे. तुझं चुकलं होतं, सबाजी. उत्तर तिच्या तोंडाशी होतं, तू समोर बसला होतास, आणि ते तुला सांगण्याइतकाही वेळ तिला तुझ्यावर घालवावासा वाटला नाही.